तिसऱ्या अंकातली जागा

मंडईच्या आधी नाटक वडशाला पोचवायचं होतं.
कंपनीचा मालक म्हणाला, म्हातारा विसराळू कर,
पहिल्या अंकात लोक हसले पाहिजेत,
तिसऱ्यात पोरीचा हुंदका ऐकून
त्याला सगळं आठवलं पाहिजे, धाडकन,
मागून ऑर्गन.

मी लिहिला तसा.
चष्मा कपाळावर, शोधतो खिशात.
दोनदा जेवतो. सुनेला आई म्हणतो.
वाचून पाहिलं तर
कागदावर तो म्हणजे नुसतं भोक,
धोतर नेसलेलं.

म्हणून लटारीजी दोनाडकरांकडे गेलो.
तेवीस उन्हाळे तेंदूच्या फडीवर मुंशी.
सत्तर पानांचं पुडकं
तळहातावर घेतलं की सांगायचे,
"दोन पानं कमी हायेत, बाई. लेकरू रडत होतं का?"
आणि वहीत पूर्ण मांडायचे.

आता त्यांना माझं नाव येत नाही.
सहज आलो, म्हणालो,
तर माझ्या पिशवीकडे बघत राहिले.
"नाई. काईतरी न्यायले आलास तू."
वही पिशवीतच होती.

गूळ रेडिओत लपवतात, मागचं झाकण काढून.
मुंग्या बातम्या वाचतात म्हणे.
जावई कोण ते आठवत नाही,
तो आवडत नाही हे मात्र पक्कं.

दिवेलागणीला पार्बताबाई
लाखोरीच्या डाळीतले खडे वेचत बसल्या
की हे पागोटं सारखं करून जवळ सरकतात.
"कोन्या गावची व तू?"
"आरमोरीची," मान वर न करता.
दुसऱ्या दिवशी सिंदेवाहीची.
एकदा नदीपलीकडची, डोंग्यानं आलेली;
तर डोंगेवाल्यानं किती घेतले, जास्त घेतले,
यावर जेवण होईपर्यंत बोलणं चाललं.
गुडघे ठणकत होते त्या रात्री म्हणाल्या,
"मसनातली."
"मंग लय दुरून आलीस. पानी घे."

आणि एका संध्याकाळी त्यांनी
खरं गाव सांगितलं, माहेरचं.
माझी पेन्सिल थांबली.
कानात मालकाचा ऑर्गन सुरू झाला.
लटारीजींनी खूप वेळ घेतला.
कोंबड्या खुराड्यात गेल्या, एक राहिली, तीही गेली.
"त्या गावची बोरं आंबट," म्हणाले,
आणि भिंतीकडे वळून बसले.

निघताना अंगणात विचारलं,
काकी, रोज नवं गाव काऊन सांगता?
"तेच ते सांगून मले कंटारा येते ना बापा.
पन्नास वर्सं एकाच घरची होऊन राह्यली.
आता त्यायच्याकडे रोज कोनी पावनी येते,
तं येऊ दे, चांगल्या लुगड्यातली येऊ दे."
सुपातली एक कणी दातानं फोडून पाहिली,
थुंकली, आत गेल्या.
आमच्या दोघांत लिहिता कुणाला येतं
ते मला तिथंच, बैलगाडीच्या दांडीजवळ कळलं.

घरी येऊन विसरणं खोडलं सगळं.
गूळ ठेवला. जावयाचा राग ठेवला.
बोरं ठेवली.

तालमीत देवानंद लांजेवार
डोळे फिरवू लागला, हात थरथरवू लागला.
म्हटलं, थरथरू नको. मोज.
एकोणसत्तर भरतात सारखी. पुन्हा मोज.
तो मोजत राहिला,
पेटीवाला बिडी विझवून बघत राहिला.

मालकानं शेवटचं पान उलटून पाहिलं,
मागे कोरं होतं.
मग त्याला आठवते की नाई शेवटी?
मी चहा सांगायला उठलो.

शेवटच्या पानावर एवढंच आहे:

(ती गाव सांगते. कोणतं, ते नटीनं त्या रात्री ठरवावं.
तो विचार करतो. लागेल तितका वेळ.
प्रॉम्प्टरनं इथे गप्प राहावं.)